परदेशीपुऱ्यातली पॉइंट टू-टू

इंदूरच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की होळकरांचा वाडा, गणपती, नाटकं आणि सराफ्यातलं खाणं ठरलेलं असतं. मिलच्या भागातली, परदेशीपुरा-पाटनीपुऱ्याकडची आमची घरं त्यात जरा मागे राहतात. आज त्या भागातल्या एका वेगळ्याच वस्तूबद्दल लिहितोय. पगारदार माणसाला परवडेल अशी रायफल. होय, रायफल. आमच्या गल्लीत ती एकाच घरात होती, म्हणजे आमच्या. ती कोणती घ्यावी यावर घरात जवळजवळ वर्षभर खल चालला होता. त्या खलाला मोठा इतिहास चिकटलेला आहे, आणि त्यातून निघालेला हिशेब आज नातवंडांना नेमबाजी शिकवू पाहणाऱ्या घरांनाही लागू पडतो, म्हणून हा लांबलचक प्रपंच.

आधी ही पॉइंट टू-टू म्हणजे काय ते सांगतो. नळीचा व्यास इंचाच्या शंभरातले बावीस भाग, म्हणून ते नाव. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध एक टोपी असते आणि घोड्याची सुई तिच्यावर बसते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला अशी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत, त्या बारीक पोकळ किनारीत भरलेला असतो. सुई कुठेही कडेवर बसली की बार होतो. कड दबावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो आणि पत्रा पातळ म्हणून दारू कमी. पण याच अडचणीतून तिचे सगळे गुण आले. काडतूस बनवायला सोपं आणि स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, आणि मऊ शिशाच्या गोळीमुळे नळी वर्षानुवर्षं टिकते. तोटा एकच, रिकामं काडतूस पुन्हा भरता येत नाही.

या काडतुसाचा पहिला अवतार अमेरिकेत १८५७ साली आला. आपल्याकडे उठाव चालू होता तेच साल. आज जगभर चालतं ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७ चं. पण ही गरिबाची रायफल झाली ती इंग्लंडमध्ये. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात शेतकऱ्यांच्या नेमबाजीने इंग्रज फौजेला घाम फोडला. मग लॉर्ड रॉबर्ट्स वगैरे मंडळींनी टुमणं लावलं की आपल्या कामगारांनाही नेम धरता आला पाहिजे. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. मोठी रायफल, मोठं मैदान, महाग काडतूस हे कामगाराला कुठून झेपणार? मग पॉइंट टू-टू आणि पंचवीस यार्डांची गल्ली. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने त्यासाठी साध्या, एकेक गोळी भरायच्या रायफली बनवल्या. म्हणजे बघा, ही वस्तू जन्मालाच आली ती गिरणी-कारखान्यातल्या माणसाच्या खिशाकडे बघून.

आपल्याकडच्या गिरणी कामगाराला मात्र ती मिळायची सोय नव्हती. लिटनच्या काळात, १८७८ साली आलेल्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश मुलखात भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. इंदूर संस्थान वेगळं, पण इथेही बंदूक म्हणजे सरदार-जहागीरदारांची. तेरा मैलांवर महूची छावणी, तिथे दिवसभर गोळीबाराचा सराव चाले. परदेशीपुऱ्यातल्या माणसाला त्याचा संबंध एवढाच की छावणीत कुणी ओळखीचा शिपाई असला तर.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात होता हे आपल्यातल्या फार जणांना माहीत नसतं. १९५१ मध्ये देशाची नेमबाजीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. आजही राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर त्याआधी जी पात्रता स्पर्धा होते ती मावळंकरांच्याच नावाने. पोरं 'मावळंकर खेळलो' म्हणतात, पण मावळंकर कोण ते विचारलं की गप्प.

तरी आमच्या घरात रायफलीचं वेड शिरलं ते एनसीसीमुळे. १९६२ ची चीनची लढाई झाली, आणि १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची केली गेली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. या पाच-सहा वर्षांत जी मुलं कॉलेजात होती त्यांनी, मग ती कारकुनाची असोत की साच्यावरच्या कामगाराची, कधी ना कधी पालथं पडून पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पॉइंट टू-टू झाडली. रायफल सरकारी, गोळ्या सरकारी. घरात कधी लाठीसुद्धा न आलेल्या पोरांना नेमाची चटक लागली. माझे थोरले काका, आम्ही त्यांना अण्णाकाका म्हणतो, त्यातलेच एक. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ बसल्या तो कागद त्यांनी कित्येक वर्षं पाकिटात बाळगला होता.

नोकरी लागल्यावर अण्णाकाकांनी विषय काढला. आमचे आजोबा मिलमध्ये साच्यावर. मूळचे खानदेशचे, घरची कोरडवाहू जमीन सोडून इकडे आलेले. मराठीत 'परदेशी' म्हणजे उत्तरेकडून आलेला माणूस, आणि आम्ही दक्षिणेकडून येऊन परदेशीपुऱ्यात राहिलेलो, याची त्यांना फार गंमत वाटे. आजी माळकरी. घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही. धाकट्या आत्याचं लग्न समोर होतं आणि माझे वडील अजून शिकत होते. अशा घरात रायफल!

आजोबा ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "ती खाते किती?"

काकांना कळेना. आजोबा म्हणाले, "बैल घेताना दात नंतर बघायचे. आधी घरात कडबा किती आहे ते बघायचं."

काकांनी मग वही घातली. ती वही आजही आमच्याकडे आहे, म्हणून पुढचं सगळं नीट सांगता येतं. पहिल्या पानावर चार नावं आहेत: बाराबोर, छऱ्याची बंदूक, ब्रनो आणि बीएसए. प्रत्येकापुढे किंमत नाही, तर महिन्याचा खर्च.

बाराबोर त्या वेळी सगळ्यात सहज मिळणारी. खेड्यात जमीनदाराकडे असायची तीच. पण ती नेमाची वस्तूच नव्हे, तिच्यातून छर्ऱ्यांचा फवारा निघतो. शिवाय तिच्या एका काडतुसाच्या पैशात पॉइंट टू-टूच्या कितीतरी गोळ्या येत. रविवारी पंचवीस बार काढायचे म्हटले तर पगार तिथेच संपला. तिच्यावर काट.

छऱ्याची बंदूक म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबून छर्रा फेकणारी. परवाना नको, छर्रे कवडीमोल, गच्चीवर सराव करता येतो. आजोबांचं मत हिच्याकडे होतं. पण काकांना ससा-तित्तराची शिकारही करायची होती, आणि त्या काळच्या साध्या स्प्रिंगच्या बंदुकीने जनावर मरण्यापेक्षा जखमी होऊन पळण्याचीच शक्यता जास्त. वहीत तिच्यापुढे लिहिलंय, "सरावास उत्तम. शिकारीस पाप."

उरल्या दोन, दोन्ही पॉइंट टू-टू. त्या वेळी परदेशी रायफली दुकानात मिळायच्या. पुढे ऐंशीच्या दशकात आयात जवळजवळ बंदच झाली. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची रायफल म्हणजे शौकिनांचा जीव की प्राण. पाच गोळ्यांचं मॅगझिन, गुळगुळीत बोल्ट, नेम असा की रायफल चुकली म्हणायची सोय नाही. दुसरी बीएसएची जुनी, एकेक गोळी हाताने भरायची, कुणाकडून तरी दुकानात परत आलेली. काकांचा जीव ब्रनोवर. पण परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची याचा आकडा लिहिलेला असतो, आणि खिशाचा आकडा त्याहून लहान होता. वहीतला हिशेब असा: डब्यात ५० गोळ्या, महिन्याला दोन डबे, वर्षाच्या १,२००. ब्रनो घेतली तर पहिली दोन वर्षं महिन्याला अर्धा डबाच परवडणार. बीएसए घेतली तर पहिल्या महिन्यापासून दोन डबे. म्हणजे चांगल्या रायफलीतून वर्षाला ३०० गोळ्या की साध्या रायफलीतून १,२००? एनसीसीच्या उस्तादांचं म्हणणं त्यांनी खाली लिहून ठेवलंय की माणूस रायफलीने नाही, गोळ्यांनी शिकतो.

बीएसए ठरली. जुनी घ्यायची तर काय बघायचं तेही वहीत आहे, आणि ते इतकं नेमकं आहे की जसंच्या तसं सांगतो. नळीतून उजेडाकडे बघायचं, आतल्या पिळाच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या काळच्या काडतुसांच्या मसाल्याने नळीत गंज धरायचा, रायफल वेळेवर पुसली नसेल तर आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. ते दिसले की सोडून द्यायचं. नळीचं तोंड ठेचलेलं नको, कारण गोळी सगळ्यात शेवटी तिथूनच सुटते. काडतूस बसतं त्या घराच्या कडेवर सुईचा व्रण नको. रिकाम्या रायफलीचा चाप ओढायची खोड असलेल्या मालकाने तो केलेला असतो, आणि मग काडतूस नीट बसत नाही, अडकतं. शेवटी बोल्ट बंद करून हलवायचा, खुळखुळला तर नको. दस्त्याचं लाकूड, पॉलिश, चकाकी यांबद्दल वहीत एक अक्षर नाही.

परवान्याला पोलिसांची चौकशी झाली, कलेक्टर कचेरीत खेपा झाल्या. १९५९ चा नवा शस्त्रकायदा १९६२ पासून लागू झाला होता, त्यात गोरा-काळा भेद राहिला नव्हता. गिरणी कामगाराच्या मुलाच्या नावावर परवाना निघाला याचं आजोबांना मनातून कौतुक होतं, पण दाखवलं नाही. आजीने अटी घातल्या. बोल्ट वेगळा काढून तिच्या ट्रंकेत, किल्ली तिच्या कमरेला. गोळ्या तिसरीकडे. चातुर्मासात शिकार नाही. मारलं तर खायचं, खायचं नसेल तर मारायचं नाही. आणि शिजवायचं ते मित्राच्या घरी, भांडीसुद्धा त्याचीच.

बंदूक, बोल्ट आणि गोळ्या तीन ठिकाणी ठेवाव्यात हे आजकाल सगळे शिकवतात. आमच्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी पहाटे काका आणि त्यांचा मित्र सायकलवर सांवेर रोडने निघायचे. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीचा उपसलेला मातीचा ढीग होता, त्याच्यापुढे कागद लावायचे. ढिगाशिवाय बार काढायचा नाही, हा नियम. पॉइंट टू-टू लहान दिसते म्हणून लोक फसतात, पण तिची गोळी मोकळ्या रानात दीड मैलापर्यंत जाऊ शकते. वीस कागद झाले की मग बांधाबांधाने तित्तर, ससा. बसलेल्या पाखरावरच नेम धरायचा, उडत्यावर कधीच नाही, कारण आभाळाकडे गेलेली गोळी कुठे पडेल ते सांगता येत नाही. कित्येक रविवारी हात हलवत परत यायचे. आजी त्या दिवशी काही न बोलता दोन पुरणपोळ्या जास्त वाढायची.

शिकार लवकरच संपली. १९७२ चा वन्यजीव कायदा आला. लोकांना वाटतं त्याने एका दिवसात सगळी शिकार बंद झाली. तसं नाही. वाघासारख्यांना कडक संरक्षण मिळालं, पण ससा, तित्तर हे 'लहान शिकार' या यादीत होते आणि त्यासाठी वेगळा परवाना काढता येई. ती सोय कायद्यातून गेली ती १९९१ च्या दुरुस्तीने. काकांनी तो परवाना काढलाच नाही. आजीला म्हणाले, "कागद पळत नाही, बरं आहे." पुढची वीस वर्षं रायफल फक्त कागदावर चालली.

१९९१ हे साल आमच्या भागाला दुसऱ्याच कारणाने आठवतं. त्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तोवर कितीतरी जण गेलेही होते. भोंगा थांबल्यावर परदेशीपुऱ्यात घराघरातून वस्तू निघाल्या. शिलाई मशिनं, सायकली, पितळी हंडे. आमच्याकडे मिलचा पगार तेव्हा नव्हता, आजोबा आधीच निवृत्त होते, पण जवळच्या नात्यात दोन घरं बसली आणि हातभार लावावा लागला. काकांनी गोळ्या घेणं बंद केलं. रायफल विकायची का, यावर बोलणं झालं. आजोबा तेव्हा थकले होते. म्हणाले, "खात नाही तोवर राहू दे. उपाशी बैल विकायला नेला तर लाजिरवाणा भाव येतो." तीन-तीन वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक लागली की हुकमाप्रमाणे ठाण्यात जमा, निकालानंतर परत. असं कितीतरी वर्षं चाललं.

आता सध्याचं. काकांचं वय झालं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं असेल तर वारसाला परवाना मागता येतो. त्याच सुमारास माझ्या पुतणीला नेमबाजी शिकायची हौस आली. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. ५० मीटर, तीन पोझिशन, ४५१.४ गुण. कोणत्या रायफलीने? याच पॉइंट टू-टूने. त्याच्याआधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळालं, तेव्हा त्याच्या शेजारी उभा होता आपल्या निमाडातला, खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्यप्रताप सिंह तोमर. पुतणी म्हणाली, "अण्णाआजोबा, घरात रायफल आहेच की, मला द्या."

काकांनी वही काढली आणि तिला समोर बसवलं. म्हणाले, ही रायफल स्पर्धेची नाही. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं. त्यासाठी जड रायफल, मागे बारीक छिद्राची नेमपट्टी, अंगाला बेतलेला दस्ता लागतो. तसली विकत घ्यायची तर आपलं घर हलेल, आणि ती आज मागवायलाही आधी नामांकित खेळाडू व्हावं लागतं. मग परवडणारी कोणती? साठ वर्षांपूर्वी जिच्यावर काट मारली तीच. छऱ्याची. दहा मीटरवर खेळायची एअर रायफल, पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनची, वीस ज्यूलपर्यंत जोर असलेली, जिला परवाना लागत नाही. आता शिकारीचा प्रश्नच नाही, म्हणून तिचं पापही नाही. पॉइंट टू-टू क्लबात मिळते, क्लबाची. पहिल्या हजार गोळ्या दुसऱ्याच्या रायफलीतून झाडायच्या. स्वप्नीलच्या वडिलांनीही गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. काका म्हणाले, "बघ, रायफल कुणीतरी देतं. गोळ्या घरानेच द्याव्या लागतात."

पुतणी आता आठवड्यातून चार दिवस जाते. छर्ऱ्यांचा खर्च ती स्वतः वहीत लिहिते, काकांच्याच वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर. बीएसएचा परवाना वारसाहक्काने माझ्या चुलत भावाच्या नावावर करायचा अर्ज दिला आहे.

शेवटी कामाचं सांगतो. तुमच्यापैकी काही घरांत आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर असेल, परवाना केव्हाच संपला असेल आणि आता कुणाला सांगावं ही भीती असेल. लपवून ठेवू नका आणि कुणाला गुपचूप देऊही नका. शस्त्रकायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, पावती मिळते, मग वारसाचा अर्ज करायचा की विकायची ते ठरवता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेही ध्यानात असू द्या. आणि जमा करण्याआधी त्या बंदुकीबरोबरची वही, पावत्या, फोटो, जुना परवाना जपून ठेवा. मिलच्या भागातल्या आपल्या घरांचा लेखी इतिहास थोडा आहे, आणि त्यातला बराचसा असल्याच कागदांत आहे.